विहारातली खुर्ची आणि मुका गडी

उरण
८ जुलै २०२५

प्रिय प्रज्ञास,

तुझ्या त्या डोंगरावरच्या आश्रमशाळेत माझा जयभीम पोचो. अक्षर बघून घाबरू नकोस. पुठ्ठ्याला चिरा पाडून त्यातून पेन चालवतोय, तरी एक ओळ दुसरीच्या डोक्यावर बसली असेल तर सांभाळून घे. काचबिंदूने डोळे नेल्यापासून हाताने पत्र लिहायची वेळ आली नव्हती. आज आली, कारण तू शिकवलेला गडी मुका झालाय.

गडी म्हणजे आपल्या संगणकातला तो बोलणारा. मी बटण दाबलं की कुठलं दाबलं ते सांगायचा, तुझी पत्रं वाचायचा, विहारातल्या ग्रंथाचं प्रकरण वाचायचा. गेल्या आठवड्यात यंत्राने आपलं आपणच काहीतरी नवं भरून घेतलं. आपली सूनबाई दिशा म्हणाली, "आबा, पडद्यावर गोल फिरतंय, अपडेट होतंय, हात लावू नका." नाही लावला. सकाळी चालू केलं तर मढ्यासारखं गार. पंखा घुमतो, बटणं वाजतात, आवाज नाही. अगं, डोळस माणसाचा आवाज गेला तर त्याची गाणी जातात. माझं सगळं घरदार जातं.

तालुक्याच्या दुकानातून प्रज्योतला बोलावलं. पोरगा गुणी आहे. आला, खाटखुट केली, आणि गडी बोलायला लागला! मी त्याला चहा पाजला. तो गेला, मी बसलो, बटण दाबलं, पुन्हा मुका. आता बोल.

गुरुवारी आषाढी पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं वाचन सुरू होईल ते थेट आश्विनापर्यंत, रोज संध्याकाळी. माझी रीत तुला ठाऊक आहे. दुपारी गड्याकडून प्रकरण दोनदा ऐकायचं, संध्याकाळी खुर्चीवर बसून, ग्रंथ मांडीवर उघडा ठेवून, लोकांना सांगायचं. पानंसुद्धा मी अंदाजाने उलटतो, लोकांना बरं वाटतं. डोळे गेले तेव्हा ती खुर्ची गेली होती, तुझ्यामुळे परत मिळाली. आता ऐकणारच नाही तर सांगू काय? हिरामणचा जीवन टपूनच बसलाय, मोबाइलमध्ये बघून घडाघडा वाचतो, बसच्या कंडक्टरने स्टॉप ओरडावे तसा.

फोनवर हे बोलता येत नाही. फोन हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये सगळे. एक गोष्ट तुझ्याजवळच बोलतो. दिशाला त्या गड्याच्या बडबडीचा पहिल्यापासून वैताग. "आबा, याला जरा गप्प करा ना, डोकं उठलं," असं किती वेळा म्हणालीय. तिने तर काही वायर ओढली नसेल? पाकीट मीच चिकटवलंय. पण तुझं उत्तर तीच वाचून दाखवणार, तेव्हा लिहिताना जपून.

तुझा,
भागोजीमामा


आश्रमशाळा, रोहा
१३ जुलै २०२५

प्रिय मामा,

आणि वाचून दाखवणाऱ्या दिशावहिनीलाही जयभीम. वहिनी, चहाचा कप बाजूला ठेवून वाच, पत्र लांब आहे.

मामा, वर डोंगरावर रेंज नाही, रविवार म्हणून रोह्याला उतरले, हे पत्र इथूनच टाकते. शाळेत नवी मुलं दाखल होतायत, ऑगस्टपर्यंत मला हलता येणार नाही. नाहीतर रेवसहून लाँच पकडून करंज्याला उतरले असते आणि तुमच्यासमोर बसले असते. तोवर हे करून बघा.

संगणक पूर्ण बंद करा, नुसता झोपवू नका. भिंतीवरचं बटणही बंद. पाणी पिऊन या, मग चालू करा. स्पीकरची वायर काढून परत घट्ट बसवा. स्पीकरला स्वतःचं गोल बटण आहे, ते उजवीकडे फिरलेलं आहे ना बघा. कीबोर्डवर आवाज बंद करायची कळ असते, चुकून दाबली गेली असेल तर एकदा दाबा. आणि प्रज्योतला सांगा की साउंडचा ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा कारभार पाहणारा भाग, काढून नव्याने घालायचा.

तुम्ही जे विचारलंत ते वाचलं. मला तसं अजिबात वाटत नाही. यापुढचं भेटल्यावर.

वाचन थांबवू नका. गडी येईपर्यंत वहिनी दुपारी प्रकरण वाचून दाखवेल. दाखवशील ना, वहिनी?

तुमची,
प्रज्ञा


उरण
१९ जुलै २०२५

प्रिय प्रज्ञास,

तुझं पत्र दिशाने वाचलं. "तुम्ही जे विचारलंत" पाशी थांबली आणि म्हणाली, "काय विचारलंत हो आबा?" मी म्हटलं, "पावसाचं." पाऊस इथे कोसळतोय आणि मी तो रोह्याला विचारतोय! पुढच्या वेळी जरा तरी डोकं चालव.

तू सांगितलेलं सगळं केलं. बंद केलं, पाणी प्यालो, चालू केलं. वायर काढली, घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. गोल बटण एवढं फिरवलं की हातात आलं. प्रज्योत परत आला. ड्रायव्हर की काय तो काढला, घातला. आणि ऐक, गडी बोलला! चांगला भरदार बोलला, वरच्या अंगाने, छपरावर चढून बोलावं तसा. मी म्हटलं, "बाबा, आता जाऊ नकोस, बस जरा." तो बसला. बसला तोवर गडी बोलत होता. तो उठून गेला, दिशाने आवराआवर केली, मी बटण दाबलं. मुका.

तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा पोरगं वैतागलंच. पुन्हा त्याच्यासमोर सगळं सुरळीत. म्हणाला, "आजोबा, मशीन एकदम ओके हाय. तुम्ही एकदा कान दाखवा ना डॉक्टरला. वयात होतं असं."

प्रज्ञा, डोळे गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या दिवशी आत जाऊन उशीत तोंड खुपसलं. माझा धम्मदीप ट्रेलर घेऊन गुजरातेत, तिथून त्याचा फोन, "आबा, कान तपासून घेऊ." म्हणजे सगळ्या घराने ठरवून टाकलं. आता कोणी हाक मारली तरी मी आधी विचार करतो, खरंच मारली का? खिडकीत चिमणी बोलली तरी शंका येते. मिठागरावर होतो तेव्हा पाणी बांधाच्या कुठल्या उघाडीतून शिरतंय ते मी कानाने सांगायचो. आणि आता हा न्याय.

विहाराचं ऐक. पहिलं प्रकरण मला जुनं पाठ, ते पार पडलं. दुसऱ्या दिवशी दिशाने दुपारी वाचून दाखवलं. पण कुकरची शिट्टी, मध्येच दूधवाला, मध्येच "थांबा आबा, कपडे भिजतायत." संध्याकाळी मी अर्ध्यातच अडखळलो. पुढचं नावच आठवेना. लोक गप्प. ती शांतता मला अजून ऐकू येतेय. तेवढ्यात जीवन उठला, "काका, टेन्शन नका घेऊ, तुम्ही आराम करा, मी वाचतो." मी खुर्चीवरून उठून मागे गेलो. त्या दिवसापासून तोच वाचतो. मी जातो, मागे भिंतीला टेकून बसतो. माझ्या खुर्चीवरून दुसऱ्याचा आवाज ऐकत.

कोणी काही बोलत नाही. पण पुढच्या पौर्णिमेला वाचक नक्की करायचा म्हणतात, रोज कोण वाचणार याची टांगणी नको म्हणून. गडी तोवर बोलला नाही तर खुर्ची गेली ती कायमची.

आणि दिशाचं म्हणशील तर माझा संशय फिटलेला नाही. गडी मुका होतो तो प्रत्येक वेळी तिची आवराआवर झाल्यावरच. याला तू काय म्हणशील?

वैतागलेला,
मामा


उरण
२० जुलै २०२५

प्रज्ञाताईंना दिशाचा जयभीम.

आबांनी काल पाकीट माझ्यापासून लपवून चिकटवलं, त्यावरून कळलं की माझ्याबद्दल काहीतरी लिहिलंय. असू दे. मला तुम्हाला वेगळंच सांगायचंय.

ताई, आबांकडे बघवत नाही. त्या मुक्या यंत्रापुढे बसतात, बोटं बटणांवर ठेवतात आणि मान तिरकी करून वाट बघतात. जेवायला हाक मारली तर "खरंच हाक मारलीस काय गं?" विचारतात. यंत्र खरंच बिघडलं असतं तर प्रज्योतसमोर चाललं कसं असतं? तो येतो, टीव्ही लावतो, त्यात संगणकाचं सगळं चित्र दिसतं, आवाज येतो. तो गेला की मी टीव्ही बंद करते, आबांना चित्राचं काय काम! मग थोड्या वेळाने आबा हाक मारतात, "दिशा, गेला गं आवाज." मला तर कानाचीच भीती वाटते. अलिबागच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आबांना अजून सांगितलं नाही. डोळ्यांच्या वेळी उशीर केला होता, तसा आता नको.

मी दुपारी वाचते पण मला जमत नाही. मोठे शब्द आले की जीभ वळत नाही, आबा चिडतात, "नीट वाच गं, बाजाराची यादी हाय का ती?"

अजून एक, हे आबांना कळू देऊ नका. आबा अडखळले त्या दिवशी जीवनभाऊजी सरळ खुर्चीकडे निघाले होते. मी उठून म्हटलं, "भाऊजी, वाचा खुशाल, पण चटईवर बसून. खुर्ची आबांची हाय. त्यांचं यंत्र दुरुस्त होईपर्यंत ती रिकामी राहील." सगळ्या पुरुषमाणसांत बोलले. भाऊजी खालीच बसतात. खुर्ची रिकामी असते. आबांना दिसत नाही आणि मी सांगितलेलं नाही. सुनेने आपल्यासाठी विहारात भांडण केलं हे कळलं तर त्यांना खपणार नाही.

काही उपाय असेल तर लवकर कळवा.

तुमची,
दिशा


आश्रमशाळा, रोहा
२५ जुलै २०२५

प्रिय मामा आणि वहिनी,

हे पत्र दोघांनी टीव्हीखाली बसूनच वाचा. डॉक्टरकडे जायची घाई नको. मामा, तुमचे कान शाबूत आहेत. तुम्ही लिहिलंत की आवाज वरच्या अंगाने आला. तुमच्या टेबलावरच्या स्पीकरमधून तो तसा कसा येईल? तो भिंतीवरच्या टीव्हीतून येत होता.

जुना मॉनिटर गेल्यापासून धम्मदीपने संगणकाची वायर टीव्हीला जोडलीय, आठवतं? त्या वायरीतून चित्र जातं तसा आवाजही जातो. पूर्वी संगणक चित्र टीव्हीला आणि आवाज स्पीकरला पाठवायचा. अपडेटने ती वाटणी मोडली, आता दोन्ही टीव्हीला. जो कोणी दुरुस्त करायला येणार त्याला डोळे आहेत, म्हणून तो आधी टीव्ही लावणार. टीव्ही लागला की आवाज येणार. तो गेला की टीव्ही बंद, आवाजही बंद. बघणारा समोर असेपर्यंत बिघाड दिसायचाच नाही. प्रज्योतची चूक नाही आणि घरातल्याही कोणाची नाही.

आता कृती. वहिनी, टीव्ही लाव. पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भोंग्याचं चिन्ह आहे, त्यावर जा. आवाज कुठून बाहेर काढायचा, अशी निवड येईल. तिथे टीव्हीचं नाव निवडलेलं असणार. त्याऐवजी स्पीकर निवड. मग टीव्ही बंद कर, आणि मामा, तुम्ही बटण दाबा.

जमलं तर मामांनी मला स्वतः टाइप करून पत्र पाठवावं. रविवारी रोह्यात उघडेन.

तुमची,
प्रज्ञा


उरण
३० जुलै २०२५

प्रिय प्रज्ञास,

हे पत्र टाइप करतोय आणि प्रत्येक अक्षर ऐकतोय. टेबलावरून, समोरून, माझ्या तोंडासमोरून.

दिशाने तुझं पत्र वाचलं, एका हातात पत्र, दुसऱ्यात रिमोट. "भोंगा कुठाय, भोंगा कुठाय," करत पार टीव्हीला नाक लावलं म्हणे. मग म्हणाली, "हां, हाय हाय, केलं." टीव्ही बंद केला. मी बटण दाबलं आणि गडी बोलला. मी परत परत तेच बटण दाबत राहिलो. ती म्हणाली, "आबा, आला ना? ऐकू आला ना?" तिने टीव्ही पुन्हा लावून पुन्हा बंद केला, गडी बोलतच राहिला. पुढे म्हणते, "म्हणजे रोज मीच बंद करत होते काय हो?" मी म्हटलं, "तूच." माझा संशय तसा अगदीच वाया गेला नाही म्हणायचा! प्रज्योतला फोन करून म्हटलं, "कान दाखवले रे, कान एकदम ओके हाय." पोरगं ओशाळलं.

पण प्रज्ञा, आता उपयोग काय? गडी आला, खुर्ची गेली. जीवनची आता मांड बसलीय. सुरुवातीला पळायचा, आता थांबून थांबून वाचतो, बायका "साधू" म्हणतात तेसुद्धा त्याच्या चालीवर. मी कुठल्या तोंडाने जाऊ आणि ऊठ म्हणू? तरण्या पोराला सगळ्यांदेखत खुर्चीवरून उठवायचं आणि आपण बसायचं, हे मला जमणार नाही. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला मोह सुटत नाही. म्हणून ठरवलंय, पौर्णिमेच्या आधीच विहाराच्या मंडळाला सांगून टाकतो की यंदापासून जीवनच वाचेल. आपण आपलं घरी ऐकावं. राग यंत्रावर होता, तो गेला. आता जो आहे तो कोणावर काढायचा तेच कळत नाही.

मामा


रोहा
३ ऑगस्ट २०२५

मामा,

हे पत्र वहिनी बाजारात गेली की ऐका. इतके दिवस तुम्हाला लिहायचं ते तिच्याच तोंडून जायचं, म्हणून गप्प होते. आज पहिल्यांदा तुमच्याशी एकटं बोलतेय.

मंडळाकडे जाऊ नका. कोणाला उठवायचं नाहीये, कारण त्या खुर्चीवर कोणी बसलेलंच नाही. जीवन चटईवर बसून वाचतो. तुमचा कानांवरचा विश्वास उडाला होता, म्हणून आवाज खालून येतो ते तुम्ही धरलं नसेल. पहिल्या दिवशी तो खुर्चीकडे निघाला तेव्हा वहिनी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, खुर्ची आबांची आहे, यंत्र दुरुस्त होईपर्यंत रिकामी राहील. तुम्ही तिथेच मागे बसला होतात. पण ती पुढे जाऊन हळू आवाजात बोलली असणार, आणि तुमचं लक्ष तेव्हा स्वतःवर चिडण्यात होतं.

तिने मला हे सांगू नका म्हटलं होतं. मी शब्द मोडतेय. तुम्ही खुर्ची सोडायला निघालात म्हणून मोडतेय.

आणि मामा, तिला गड्याच्या बडबडीचा वैताग येत असेल, येऊ दे. मलाही आला असता. तरी तुमचा आवाज परत आणायला तिनेच मला पत्र लिहिलं. टीव्ही दर वेळी बंद होतो हे मला तिच्याच पत्रातून कळलं.

तुमची,
प्रज्ञा


उरण
५ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रज्ञास,

तुझं पत्र दिशा मासे आणायला गेली तेव्हा ऐकलं. दोनदा ऐकलं. ती परत आली. मी नुसतं म्हटलं, "आज बोंबील आणलेस काय?" म्हणाली, "वासावरून कळलं ना, मग विचारता कशाला?"

काल संध्याकाळी विहारात गेलो. वंदना झाली. मी भिंतीला न टेकता काठी टेकत पुढे गेलो.  हात पुढे केला तर खुर्चीची पाठ लागली. चाचपली. रिकामी. बैठकीवर कोणीतरी कोरडं फडकं घातलं होतं, पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून. कोणी घातलं असेल ते मी विचारलं नाही.

खालून जीवन म्हणाला, "काका, बसा लवकर. वैनींच्या धाकानं चटईवर बसून माझे गुडघे कामातून गेले." सगळे हसले. मीही हसलो. दिशा कुठे बसली होती मला माहीत नाही, तिचा आवाज आला नाही.

प्रकरण सांगितलं. अडखळलो नाही. मध्ये एके ठिकाणी थांबून जीवनला म्हटलं, "इथलं तू वाच, तुझं चांगलं होतं." त्याने वाचलं. यापुढे असंच करू म्हणतो.

आता खोटं बोललो ते सांगतो. सकाळी दिशाला म्हटलं, "दिशा, हा गडी पालीचे शब्द भलतेच बोलतो. दुपारी तूच वाच. मी ऐकत जाईन, तुझी जीभ हळूहळू वळेल." ती म्हणाली, "आणि कुकर?" मी म्हटलं, "शिट्ट्या मी मोजतो." गडी पाली शब्द तिच्यापेक्षा बरे म्हणतो, हे तुझ्यामाझ्यातच राहू दे.

ताजा कलम: वरचं सगळं नीट उतरलंय का ते गड्याकडून ऐकत होतो. दिशाचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं आणि ती पलीकडे भाजी चिरत होती, म्हणून आवाज अगदी तळाला नेला आणि स्पीकरला कान लावून बसलो. ती धावत आली.

"आबा! पुन्हा गेला काय आवाज?"

"न्हाय गं," मी म्हटलं. "मीच बारीक केलाय."

"का?"

"तुझं डोकं उठतं ना."

ती भाजीकडे परत निघाली. मग म्हणाली, "वाढवा थोडा. मला तिकडे ऐकू येत नाही."

मामा